जेवण झाल्यावर द्यायची पत्रं

तुम्ही अजून जेवला नसाल तर हे बाजूला ठेवा. आधी दोन घास खाऊन घ्या, मग वाचायला बसा. असं का म्हणतो ते पुढे कळेलच. मी जे सांगणार आहे ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मित्राला नाही, देवालाही नाही. देव आमच्याच गावचा. गावातल्या कुणाच्याच पोटात काही राहत नाही, मग त्याच्या तरी कशावरून राहील?

मी घाबरट माणूस नव्हे, हे आधीच सांगतो. उधाणाच्या पाण्यात खाडी ओलांडून टपाल पोचवलेलं आहे. एका साहेबाने थैली उशिरा आली म्हणून मला ताकीद दिली, तर त्यालाच लाँचचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. पत्र कुणाचं, कुठून आलं, आत काय असणार — हे मला पाकीट हातात घेताच कळायचं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? आणि जे घडलं ते त्या अभिमानापायीच घडलं की भीतीपायी, हे काही मला आज नव्वदीच्या दारातही ठरवता आलेलं नाही.

तेव्हाचा कुलाबा जिल्हा. रेवसच्या धक्क्यापासून सायकलने पाऊण तासावर आमचं गाव. एका अंगाला मिठागरं नि खाडी, दुसऱ्या अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, मधे आमची तीनशे घरं. पोस्टमास्तर मीच आणि पोस्टमनही मीच. सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याहून थैली रेवसला यायची, ती मी सायकलला बांधून आणायची, लाख फोडायची, पत्रांच्या पाठीवर तारखेचा शिक्का मारायचा आणि वाटायला निघायचं. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं. त्यामुळे पत्र देऊन माझं काम संपत नसे, तिथून ते सुरू व्हायचं. पायरीवर बसायचं, वाचून दाखवायचं, पाणी प्यायचं, लगेच उत्तरही लिहून द्यायचं.

आणि आमची एक रीत होती. पोस्टाच्या नियमांच्या पुस्तकात ती सापडणार नाही, माझ्या आधीच्या मास्तरांकडून ती माझ्याकडे आली. वाईट बातमी उपाशी पोटी द्यायची नाही. कुणी गेल्याचं कळलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणतात, तो कुणाच्या घशाखाली उतरत नाही. मग निदान बातमीआधीचं जेवण तरी पोटात असावं. म्हणून कुणी गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तार आली, की मी सकाळी त्या घरावरून नुसताच पुढे जायचो. दुपारी परत यायचो, सायकल भिंतीला टेकवायची आणि विचारायचं, ‘जेवलात का?’

एवढं विचारलं की माणूस समजायचा. हो म्हणायचा, खाली बसायचा, हात पुढे करायचा. एरवी आमच्याकडे सगळेच सगळ्यांना जेवलात का विचारतात, पण मी कधीच विचारत नसे. माझ्या तोंडी तो शब्द वर्ज्य होता. एकदा शिमग्याच्या गडबडीत शेजारच्या गणूला सहज विचारून बसलो तर त्याची बायको मटकन ओट्यावर बसली नि गळा काढायला लागली. तिला सावरायला अर्धा तास गेला, वर गणूच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

हे एवढ्या विस्ताराने सांगतोय, कारण — हो, मी टाळतोय. मला माहीत आहे. येतो मुद्द्यावर.

गावात एक गोरी बाई होती. आग्नेस तिचं नाव, पण ते फक्त पाकिटांवर. गावाला ती मडमबाय. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, तिचं एवढं तरी तिच्याकडे राहू दे. स्वातंत्र्य मिळालं, सगळे गोरे बोटीत बसून निघाले, आणि ही उलट्या बोटीने आली, असं लोक गमतीने म्हणायचे. शिकलेली नर्स. वाडीच्या टोकाला दोन खोल्यांचा दवाखाना, दारात औषधांच्या खोक्यांची बाकं. मराठी ती बायकांकडून शिकली, तीही बाळंतपणं करता करता. त्यामुळे तालुक्याच्या मामलेदाराशीसुद्धा ती ‘व्हय’ नि ‘न्हाय’ करून बोलायची, आणि तो बिचारा शुद्ध बोलायचा प्रयत्न करत घामाघूम व्हायचा.

तिची आई तिकडे एका खेड्यात एकटी राहायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी आणि दोन गाई. दर दुसऱ्या शनिवारी तिचं निळं हवाईपत्र यायचं. आठ वर्षांत एकदाही चुकलं नाही. मागच्या बाजूला गावाचं नाव, थरथरत्या पण टोकदार अक्षरात. ते नाव मला माझ्या सासुरवाडीच्या नावासारखं पाठ झालं होतं.

आता माझ्या घरचं सांगतो. सुगंधा, माझी बायको, खारेपाटातली. तिची दोन बाळंतपणं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. दोन्ही वेळा गावची सुईण, दोन्ही वेळा मूल आतच गेलं. दुसऱ्या वेळी तीही जाता जाता राहिली. तिसऱ्या खेपेला मडमबाईने स्वतः घरी येऊन बजावलं की या वेळी कुणीही हात लावायचा नाही, मी करणार. शेवटच्या महिन्यात तिने पोट चाचपलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, मूल पायाकडून आहे. मी विचारलं, धोका आहे का. ती म्हणाली, ‘हाय. पण मी हाय न?’

त्यानंतर सुगंधा मला रोज एकच गोष्ट विचारायची. मडमबाय हाय ना गावात? आणि मी रोज सांगायचो, हाय, जाते कुठं.

त्याच दिवसांत ते पाकीट आलं. साठ साल उलटून गेलं होतं, लाँच सुरू होत्या, वाल शेंगांवर आले होते. तिच्या देशाच्या मुंबईतल्या कचेरीचं पाकीट, बुक-पोस्टाने आलेलं. बुक-पोस्टाचं पाकीट चिकटवायचं नसतं, आत काय आहे ते पोस्टाला पाहता यावं असा नियमच आहे. म्हणजे मी काही फोडलं नाही. माझं इंग्रजी सातवीपुरतं, पण शब्दकोश होता आणि खोड होती. उघडून वाचलं.

चक्रमुद्रित कागद होता, त्या देशाच्या इकडे राहणाऱ्या सगळ्या नागरिकांना धाडलेला. आपल्या देशात अमुक ठिकाणच्या अणुवीज केंद्रात एक किरकोळ बिघाड झाला आहे. कुणाला इजा नाही. परिस्थिती आटोक्यात आहे. खबरदारी म्हणून आसपासच्या काही खेड्यांतलं दूध काही दिवस वापरू नये असं सांगितलं आहे. वर्तमानपत्रांतल्या भडक बातम्यांवर विश्वास ठेवू नये. ज्यांचे जवळचे नातेवाईक पुढील गावांत असतील त्यांनी नाव-पत्ता कळवावा, कचेरी चौकशी करील, आणि ज्यांना तातडीने मायदेशी जायचं असेल त्यांची बोटीची सोयही करील. खाली गावांची यादी. यादीत तिसरं नाव म्हातारीच्या गावाचं.

अणू म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर काय यायचं? जपानात पडलेला बॉम्ब. दुसरं काही माहीतच नव्हतं. तरी मी शब्दकोश काढून ‘किरकोळ’ला जो शब्द वापरला होता तो नीट पाहिला. किरकोळ म्हणजे किरकोळच. सरकार खोटं बोलत नव्हतं, हेही आत्ताच सांगून टाकतो. पुढे कुणालाही काही झालं नाही. गाई जगल्या, दूध पुन्हा प्यायला लागले. त्या केंद्रातल्या बिघाडाने कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

सकाळी अकराला मी दवाखान्यावर गेलो. बाकांवर बायका बसलेल्या, मडमबाई एका पोराच्या कानात औषध घालत होती, सकाळपासून चहावर. मी ठरवलं, ही बातमी वाईट नाही, पण काळजीची आहे. रीतीप्रमाणे दुपारी देऊ. यात काय चुकलं? गावातल्या कुणासाठीही मी हेच केलं असतं. तिने मान वर करून विचारलं, ‘मास्तर, माजा काय हाय का?’ मी म्हटलं, आज नाही.

घरी आलो. सुगंधा ओट्यावर बसली होती, पाय सुजलेले, खांबाला टेकलेली. मला पाहताच तोच प्रश्न. मडमबाय हाय ना? मी म्हटलं, हाय. पाय धुतले, जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला ‘बोटीची सोयही करील’ हे वाक्य डोळ्यांपुढे आलं.

दुपारी मी गेलो नाही.

तिथून पुढे कसं झालं ते सांगणं अवघड नाही, सोपं आहे, म्हणून तर लाज वाटते. पहिला दिवस रीतीचा होता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कालचं आज दिलं तर काय उत्तर देऊ? तिसऱ्या दिवशी उत्तर तयार झालं होतं आणि द्यायची इच्छा उरली नव्हती. पाकीट माझ्या खाकी पिशवीच्या आतल्या कप्प्यात. पाठीवर शिक्का मारला नव्हता. शिक्का नसेल तर पत्र आलेलंच नाही, असं पोस्टाचं शास्त्र. ते पाकीट मी रोज तिच्या दारापर्यंत न्यायचो. रोज ती विचारायची आणि रोज मी नाही म्हणायचो. एकदा खोटं बोललो, असं मी म्हणूच शकत नाही. मोजून चोवीस वेळा बोललो, रविवार वगळून.

सहाव्या दिवशी निळं पत्र आलं.

हे मात्र चिकटवलेलं होतं. ते मी उघडलं नाही. उघडलं नाही हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, जणू त्याचं कुणी बक्षीस देणार होतं. पत्र नेहमीपेक्षा एक आठवडा आधी आलं होतं, म्हणजे म्हातारीने वेळापत्रक मोडून लिहिलं होतं. अक्षर तिरकं गेलेलं. मला पाकिटावरून आतलं कळतं म्हणालो ना? कळलं. आणि ते मी पहिल्या पाकिटाशेजारी ठेवलं. त्यानंतर शनिवार आला. नेहमीच्या पत्राचा शनिवार. त्या दिवशी काहीच आलं नाही, आणि मडमबाई पहिल्यांदाच दारात उभी राहून माझी वाट पाहताना दिसली.

तुम्हाला वाटेल, मला झोप लागत नसेल. लागायची, छान लागायची. मला खात्री होती की मी बरोबर करतोय. दोन मुलं मी स्वतःच्या हाताने वाडीच्या कुंपणाशी पुरली होती, एकेकाला नारळाच्या रोपाएवढाही खड्डा लागला नाही. तिसऱ्याच्या आड कोण येतंय — तर सात समुद्रापलीकडची एक म्हातारी, जिला काहीही झालेलं नाही, असं सरकारच लिहून देतंय. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी मनाशी हिशोब केला आणि माझ्या बाजूचं पारडं जड निघालं. पारडं धरणाराही मीच होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. की आलं होतं?

आता तो दिवस. पंधराव्या की सोळाव्या दिवशी सकाळी मी रेवसहून येत होतो, आणि वाटेत मडमबाई समोरून चालत आली. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पत्र्याची छोटी पेटी. लाँच धरायला निघाली होती. मी सायकलवरून उतरलो. ती म्हणाली, आईचं पत्र न्हाय, दोन आठवडे उलटले, अशी ती करत न्हाय. मुंबईच्या कचेरीत जाऊन विचारते.

 पिशवी खांद्यावर होती. आतल्या कप्प्यातलं पाकीट मला बरगडीला टोचत होतं, म्हणजे खरंच टोचत होतं, त्याचा कोपरा दुमडला होता. तिने धक्क्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग पेटी माझ्या कॅरियरवर ठेवली आणि म्हणाली —

‘न्हाय जात. सुगंधाचा दिस कंदी पन येल. आदी तिचा होऊ दे. आय माजी दमाची हाय.’

आणि ती माझ्यासोबत गावाकडे चालायला लागली.

समजलं ना तुम्हाला? ती थांबली. पत्र मिळालं नव्हतं, काळजीने तोंड उतरलं होतं, दूर धक्क्यावर लाँच भोंगा देत होती, तरी स्वतःहून थांबली. म्हणजे मी पहिल्याच दुपारी रीतीप्रमाणे जाऊन तिला पाकीट दिलं असतं, तरीही कदाचित ती थांबली असती. मुंबईला जाऊन एक तार करून संध्याकाळच्या लाँचने परत आली असती. निर्णय तिचा होता, तो तिने माझ्यासाठी चांगलाच घेतला असता, आणि मी तो तिच्या हातात जाऊच दिला नाही. त्या वाटेवर मला हे सगळं कळलं. गाव यायला अर्धा तास होता. ती शेजारी चालत होती, बाळाला लंगोट किती लागतील ते सांगत होती. पाकीट काढून देण्याइतका वेळ होता. मी लंगोट मोजत राहिलो.

दोन दिवसांनी पहाटे कळा सुरू झाल्या. दुपारी तीनला मुलगी झाली. पायांनी आली, निळी, गप्प. मी दाराबाहेर होतो, आत पाठीवर चापट्या मारल्याचा आवाज येत होता, एक, दोन, मी मोजायचं सोडून दिलं. मग ती रडली. सुगंधाही रडली. मडमबाई बाहेर येऊन पायरीवर बसली, हात कोपरापर्यंत रक्ताचे, आणि म्हणाली, पायाळू हाय तुजी पोर, आता गावाची उसण बरी करील. आमच्याकडे पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते असं मानतात. मडमबाई या गोष्टीला हसायची, पण तिची स्वतःची पाठ धरली की पुढे लीलालाच बोलवायची.

लीला. नावावर येतो.

मुलगी झाल्यावर तरी लगेच पत्रं द्यायची. का नाही दिली? सुगंधाला ताप आला होता, मडमबाई रोज दोनदा येत होती. म्हटलं, ताप उतरू दे. ताप उतरला. म्हटलं, बारसं होऊ दे. माणसाला एकदा सबब घ्यायची सवय लागली की ती पानासारखी दर जेवणानंतर लागते.

बाराव्या दिवशी बारसं. मला बहीण नाही, तेव्हा आत्याचा मान सुगंधाने मडमबाईला दिला. बायकांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पोर पाळण्याखालून-वरून फिरवली. मडमबाईने वाकून तिच्या कानात कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, नेमके दुखऱ्या जागी. ती ओरडली, सगळे हसले. मग तिने नाव सांगितलं. लीला. तिच्या आईचं नाव. म्हणाली, आमच्यात पन हाय, तुमच्यात पन हाय, दोघींना चालंल.

माझी खाकी पिशवी तिच्या डोक्यावरच्या खुंटीला टांगलेली होती.

पंगत उठली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, खीर. तिने हात धुतले, घुगऱ्यांची पुडी घेतली, घरी निघाली. मी पोस्टात गेलो, शिक्क्यात त्या दिवसाची तारीख लावलेलीच होती. दोन्ही पत्रांच्या पाठीवर मारला. ठसठशीत उमटला. मग वाडीच्या टोकाला तिला गाठलं आणि विचारलं, ‘जेवलात का?’

 आत्ताच माझ्या घरी, माझ्यासमोर ती जेवली होती. तिथेच एका पोफळीच्या बुंध्याशी खाली बसली आणि हात पुढे केला. रीत तिला माहीत होती. मी म्हटलं, थैली चुकून दुसऱ्या गावी गेली होती, आज मिळाली.

छापील कागद तिने भरभर वाचला आणि सुटल्यासारखी हसली. किरकोळ हाय, म्हणाली. मग निळं पत्र उघडलं. ते तिने दोनदा वाचलं, आणि मग मला मराठीत सांगितलं, कारण मी नेहमी इतरांना वाचून दाखवायचो, तसं तिलाही कुणाला तरी दाखवायचं असेल. म्हातारीने लिहिलं होतं की काही झालेलं नाही, मी ठीक आहे. पण शेजारी लेकींकडे गेले आहेत, गाईंचं दूध रोज गटारात ओतावं लागतं, ओतताना हात थरथरतात. तू घाबरली असशील म्हणून लगेच लिहिते आहे. तुझं उत्तर आलं की मला धीर येईल. टपालाच्या वेळेला मी दारात उभी असते.

त्याच दुपारी मी सायकल मारत तालुक्याला जाऊन तिची तार केली. स्वतः केली, पायडल तुटेस्तोवर मारलं. दुसऱ्या दिवशी तिकडून तार आली, तीही मीच आणली. दोन्ही तारा वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. दवाखान्यासमोर सायकल टेकवली आणि तोंड उघडलं, तर तीच म्हणाली —

‘न्हाय जेवली. आन जेवनार पन न्हाय. दे.’

आमच्या गावात ती रीत तोडणारी ती पहिली.

म्हातारीच्या शेजारणीचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. तिकडे थंडीचे दिवस होते. म्हातारी रोज टपालाच्या वेळेला दारात उभी राहायची, घरात चला म्हटलं तरी ऐकायची नाही. छातीत सर्दी भरली. अंथरुणाला खिळल्यावरही, जीव जाईपर्यंत रोज विचारायची, टपाल येऊन गेलं का. अणुवीज केंद्राचा त्यात काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, आणि ते खरं होतं. संबंध कुणाचा होता ते डॉक्टरांना कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, थैलीबद्दल वर तक्रार करा.  तिने मान हलवली. तक्रार केली तर तुझ्यावर येईल, म्हणाली, थैली चुकली त्यात तुझा काय दोष? आणि मग आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा टाकला. मी तो प्यालो.

ती परत गेलीच नाही. तिकडे आता माझं कोण हाय, असं म्हणायची. ती गावात राहावी अशी माझी इच्छा होती ना? पुरी झाली. पुढे वीस वर्षं राहिली, निम्म्या गावाला जन्माला घातलं, लीलाला लिहायला, शिवायला, सुई टोचायला शिकवलं, आणि लीलाच्याच मांडीवर डोकं ठेवून गेली. शेवटच्या आजारात मला म्हणाली, मास्तर, वाईट पत्र कसं द्यावं ते फक्त तुला कळतं. ती मनापासून बोलत होती. मी मान डोलावली.

सुगंधा गेली, तिलाही सांगितलं नाही. तिला आवडलं नसतं. मडमबाय थांबणारच होती, असं तिनेही म्हटलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

लीला घरी आली की वीस वेळा मी ते नाव घेतो. लीला, पाणी दे. लीला, चष्मा कुठे. लीला, जरा पाठीला पाय लाव. साठ वर्षं एका म्हातारीला हाका मारतोय, आणि दर हाकेला ‘ओ’ येते.

आज हे लिहून काढलं, कुणा परक्याला सांगतोय असं धरून. लीला पलीकडच्या आळीत राहते, रोज दुपारी मला डबा घेऊन येते, आणि स्वतः मात्र घरी गेल्यावर जेवते. आज मी सकाळीच तिला निरोप धाडला की डबा आणू नको. भात मी टाकला आहे, बिरडंही केलं आहे, मीठ थोडं पुढे झालंय. दोन पानं मांडली आहेत. हे कागद पाकिटात घातले आहेत, वर तिचं नाव घातलं आहे.

ती जेवून हात धुवून बसली की मी विचारणार आहे. पोस्टमनची पोर आहे. समोर बसून जेवलेल्या माणसाला बाप तो प्रश्न का विचारतोय, हे तिला सांगावं लागणार नाही.